इंग्रजीतलं भांडण

दहिवलीच्या अंबाबाईच्या घरात उलट बोलायची रीत नव्हती. ते काम ती एकटी करायची, आणि इतकं मनापासून करायची की दुसऱ्या कुणाला वावच उरत नसे. नवरा गेला तेव्हा पोर मांडीवर होतं. दिरांनी जमिनीवर डोळा ठेवला. तेव्हा तिनं जिभेचा कोयता केला आणि एकेकाला बांधाबाहेर काढलं. तो कोयता पुढं कधी खुंटीला लागलाच नाही. वाल्मिकला मिसरूड फुटलं, त्याचं लग्न झालं, तरी आईसमोर त्याची मान खाली आणि तोंडात 'व्हय आये' एवढंच. गावच्या बायका म्हणायच्या, पोरगा असावा तर असा. अंबाबाईलाही तेच वाटायचं. बैलानं शिंग हलवू नये आणि पोरानं जीभ, एवढीच तिची शिकवण.

सून सुंदरा कशेळ्याकडची. नवराबायकोनं वडीलधाऱ्यांदेखत एकमेकांशी बोलायचं नाही, ही तर घराघराची रीत. पण अंबाबाई दिवसभर घरातच. मग ती दोघं बोलत तरी कधी असतील, ते देवाला ठाऊक.

वाल्मिक भिवपुरीच्या वीजघरात पाइपावर कामाला होता. डोंगरावरून पाणी खाली आणणारे जाडजूड लोखंडी पाइप. त्यांचा गंज खरवडायचा, रंग लावायचा. मुंबईच्या गोदीत स्फोट झाला त्या वर्षी, ऐन श्रावणात, शेवाळावर त्याचा पाय घसरला आणि खांदा मोडला. हाडवैद्यानं बसवला, पण हात छातीच्या वर जाईना. नांगर धरवेना, शिडी चढवेना. आता ह्याचं करायचं काय, असं सगळं घर एकमेकांकडं बघायला लागलं.

वीजघरातला गोरा साहेब माणूस बरा होता. त्यानं बोलावून सांगितलं, टेलिफोनच्या खुर्चीवर एक माणूस घ्यायचा आहे. दुसऱ्या वीजघरातून निरोप येतात, ते इंग्रजीत ऐकायचे, इंग्रजीत उत्तर द्यायचं. कुठल्या तारेवर माणूस चढलाय, कुठली तार मोकळी, हे चुकलं तर वरचा माणूस जळून कोळसा. तू इंग्रजी शिकलेला आहेस. दिवाळीनंतर ये, मी स्वतः टेलिफोनवर बोलेन. जमलं तर खुर्ची तुझी. नाही जमलं तर एका हाताच्या माणसाला इथं दुसरं काम नाही.

गावात लोक हसले. दोन वर्षांमागं 'चले जाव' म्हणून ओरडलो, नि ह्या घरात आता साहेबाची भाषा शिकणार. अंबाबाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब जाईल तवा जाईल. टेलिफोन तो डोक्यावर घेऊन जाणार हाय काय?"

पहिल्यांदा तिनं आबाजी मास्तरांना बोलावलं. कर्जतच्या शाळेत वाल्मिकला इंग्रजी तिसरीपर्यंत त्यांनीच शिकवलेलं. मास्तर ओटीवर बसले, पानाची चंची सोडली आणि एकेक विचारायला लागले. वाल्मिकनं सगळे काळ आरतीसारखे म्हणून दाखवले. मराठी वाक्य दिलं की पाटीवर इंग्रजी करून दिलं, एक मात्रा इकडची तिकडं नाही. मास्तरांची छाती फुगली.

"आता त्याला इचारा," अंबाबाई म्हणाली, "पाइप फुटला तर टेलिफोनात कसं सांगायचं ते."

मास्तरांनी विचारलं. वाल्मिकनं आढ्याकडं बघितलं. आधी कर्ता काढला, मग क्रियापद शोधलं, मग काळ ठरवला. तोवर फुटल्या पाइपाचं पाणी खालची शेतं धुऊन गेलं असतं.

"पाया पक्का आहे," मास्तर म्हणाले.

"पायावर किती वर्सं बसायचं, मास्तर? रोपं राबातून उपटून चिखलात लावली तर भात. राबातच ठेवली तर पिवळी पडतात."

मास्तर रागावले नाहीत. पान जमवत म्हणाले, "राब केला नाही तर लावशील काय, अंबाबाई?" ह्यावर तिनं चहा आणला.

मग गौरा आली. गौरा खालापूरकडच्या चांगोची लेक. चांगो मुंबईला छापखान्यात, म्हणून ती तिथंच वाढली, मॅट्रिक झाली, मुलींच्या शाळेत शिकवायला लागली. स्फोटात त्यांच्या चाळीच्या भिंती तडकल्या, शाळेत बेघर माणसं आणून ठेवली, म्हणून ती दहिवलीला मामाकडं येऊन राहिली होती. चोविशी उलटली तरी लग्न नाही. ह्याबद्दल अंबाबाईनं पूर्वी पाणवठ्यावर बरंच काही बोलून ठेवलेलं होतं. ते सगळं गिळून ती गौराच्या दारात गेली, ह्यावरून तिची अडचण समजावी.

गौराची तऱ्हा वेगळी. म्हणाली, "शिकवताना मी मराठीचा एक शब्द बोलणार नाही. वस्तू दाखवायची आणि बोलायचं, काम करायचं आणि बोलायचं. आपण मराठी कशी शिकलो, काकी? आधी कुणी व्याकरण सांगितलं होतं?"

आबाजी मास्तर तेव्हा ओटीवरच होते. ते म्हणाले, "पोरी, मराठी शिकवायला उशापायथ्याला आई असते, आणि घाई कुणालाच नसते. तुझ्याकडं तेवढे दिवस आहेत का?"

"नाहीत," गौरा म्हणाली. "पण त्याच्याकडं तुम्ही दिलेले शब्द आहेत. ते बाहेर काढायला तरी पुरतील."

पडवीत शिकवणी सुरू झाली. तरणी पोरगी आणि घरचा बाप्या एकटे बसणं शक्यच नव्हतं, म्हणून मध्ये अंबाबाई, मांडीवर सूप, सुपात तांदूळ. गौरा दाराकडं बोट करी, खिडकीकडं करी, चालून दाखवी, बसून दाखवी आणि बोलत राही. "त्याला दार ठाऊक हाय गं," अंबाबाई सांगे. गौरा तिच्याकडं लक्ष देत नसे. मग ती वाल्मिकला काही विचारी आणि थांबे. हे तिचं थांबणंच अंबाबाईला सोसत नसे. शिकवणाऱ्यानं शिकवावं. ही विचारते नि चुलीवर दूध ठेवल्यासारखी बघत बसते. वाल्मिकचे ओठ हलायचे, डोळे आईकडं जायचे, पुन्हा जमिनीकडं. आलेला शब्द पाटावरच्या पाहुण्यासारखा संकोचून अर्धाच बाहेर पडायचा.

"बोल ना रं," अंबाबाई न राहवून म्हणे. "दातखीळ बसली काय?"

मग उरलेला अर्धाही आत जायचा.

असे नवरात्रापर्यंत दिवस गेले. एका दुपारी गौरा निघताना उंबऱ्यापाशी थांबली. "काकी, उद्यापासून तुम्ही आत बसाल का?"

"म्हंजे? तू नि माझा पोरगा बाहेर नि मी आत? गाव काय बोलंल?"

"मग सुंदरावहिनी बसू देत."

"सुनेनं पडवीत बसून नवऱ्याचं तोंड बघायचं?"

"मग मास्तरांना बसवा."

मास्तर एक दिवस बसले. वाल्मिकनं तोंड उघडलं की मास्तर वाक्य मध्येच धरून सरळ करत. गौरा म्हणे, आधी पुरं तरी होऊ द्या. मास्तर म्हणत, वाकडं पुरं झालं तर तेच जिभेवर बसेल. त्या दिवशी इंग्रजी बोलली ती दोघं, वाल्मिक ऐकत बसला. मास्तर जाताना आपणच म्हणाले, मला ह्यात घालू नका.

तेव्हा गौरानं काय ते सांगून टाकलं. "त्याला इंग्रजी येतं, काकी. बोलता येत नाही. आणि मी तरी काय करू, तो मराठीत कुठं बोलतो?"

अंबाबाईच्या डोक्यात तिडीक गेली. घोडनवरी ती घोडनवरी, आणि मला शिकवते. गौराला तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. पण पाट्यावर मसाला वाटताना, गुरांना पेंढा घालताना ते बोलणं कुसळासारखं टोचत राहिलं. तिला आठवलं ते तिचं स्वतःचं नवरीपण. ती घाटावरची. लग्न होऊन खाली आली तेव्हा तिची बोली ऐकून सगळं सासर हसायचं. जाऊ तर शेजारणींना बोलावून तिला बोलायला लावायची. त्या धास्तीनं ती कैक महिने मुकी राहिली. सगळं कळायचं, पण तोंडातून निघेना. मग एके दिवशी पाणवठ्यावर जावेनं तिची भरलेली कळशी उपडी केली, आणि अंबाबाई बोलली. काय बोलली ते तिचं तिला ठाऊक नाही, पण जे बोलली ते अस्सल इथल्या बोलीत, आणि पाणवठ्यावरच्या बायका हंडे घेऊन बाजूला झाल्या. त्यानंतर कुणी हसलं नाही. तिला ती बोली कुणी शिकवली नव्हती. ती ऐकून ऐकून आत साठली होती आणि रागानं झाकण उडवलं.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून गौराकडं गेली.

"त्या भाषेत माझ्याशी उलट बोलला, तर ते उलट बोलणं व्हतं काय गं?"

गौराला कळेना. "म्हणजे?"

"मला त्यातलं कळतच नाय, तर माझा अपमान व्हायचा कसा? मी त्याला मराठीत टोचीन. त्यानं इंग्रजीत भांडायचं, हवं ते बोलायचं. ते धरायचं नाय, मोजायचं नाय. तो काय बोलला ते मी इचारणार नाय नि तू सांगायचं नाय. एकवीरेची आण घेते मी. तूबी घे."

गौरा हसली, मग विचारात पडली. "आम्हाला शिकवायला शिकवलं त्यात हे कुठं नव्हतं, काकी. आणि भांडून माणूस चुकतो फार. चुका तशाच घट्ट बसतील, मास्तर म्हणतात ते खोटं नाही."

"मंग भांडण झाल्यावर चुका काढ. धुतल्याशिवाय धुण्यातली घाण दिसते व्हय?"

गौरानं आण घेतली.

वाल्मिकला हे सांगितलं तेव्हा तो इतका घाबरला की खांद्याचा दुखरा हात दुसऱ्या हातानं धरून बसला. पण आईनं सांगितलं ते मोडायची सवय नव्हती, आणि आईनं सांगितलं होतं की आईचं ऐकू नकोस. अंबाबाईनं सूप घेतलं आणि सुरुवात केली.

"तुझा बाप घोरपडीवानी डोंगर चढायचा. तू सपाट पाइपावर घसरलास."

वाल्मिक खाली बघून म्हणाला, "नो."

"नो काय? घसरला नाय तर काय देवानं ढकलला?"

गौरा थांबली. अंबाबाईही पहिल्यांदाच थांबली. सुपातले तांदूळ निवडायचं विसरून ती पोराच्या तोंडाकडं बघत राहिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, पाऊस होता, आणि कुणी दोर दिला नव्हता. म्हणजे तसं काही असावं, कारण 'रेन' आणि 'रोप' गौरानं नंतर पाटीवर काढून दुरुस्त केलं.

पुढं रोज भांडण. अंबाबाईला विषयांची काय वाण? त्याचं जेवणं, त्याचं झोपणं, गेल्या साली विकलेला बैल, कशेळ्याच्या बाजारातून आणलेली नासकी मिरची. वाल्मिकची वाक्यं लांबत गेली. कधी तो मध्येच अडकायचा तेव्हा मास्तरांचं व्याकरण कामाला येई, दोरी धरून विहिरीतून वर यावं तसा तो वर यायचा. हे गौरानंच मास्तरांना सांगितलं. मास्तर 'हूं' म्हणाले, पण संध्याकाळी रस्त्यावरून जाताना पडवीबाहेर रेंगाळायला लागले.

शेजारची सोनुबाई एकदा कुंपणाशी उभी राहिली. "अंबे, पोरगा एवढं काय बोलतंय गं?"

"मला काय ठाऊक. शिव्या देत असंल."

"आन तू बसून ऐकतेस?"

"साहेबाच्या भाषेतल्या शिव्या हायेत, सोने. तुझ्या पोराला येतात व्हय?"

कार्तिक लागला. खळ्यावर भाताची झोडणी चालू झाली. त्या दिवशी सुंदरा सकाळपासून खळ्यावर राबून दुपारी पाण्याच्या खेपा घालत होती. डोक्यावर हंडा घेऊन ती पडवीवरून आत गेली आणि अंबाबाईला आयता विषय मिळाला.

"बघ. बायको राबतेय नि तू खुर्चीची सपनं बघतोयस. हिच्या जिवावर खायला लाज वाटत नाय?"

वाल्मिकनं मान वर केली. आणि तो बोलला. आढ्याकडं बघितलं नाही, गौराकडं बघितलं नाही. आवाज चढवला नाही, पण वाक्यामागून वाक्य येत राहिलं, गाडीच्या डब्यांसारखं, एकाला एक जोडलेलं. अंबाबाईला त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं. पण त्यात सुंदराचं नाव होतं. मग 'लावणी' आली. लावणीला इंग्रजीत काय म्हणतात ते त्याला आठवलं नसावं, तो क्षणभर अडला आणि तोच शब्द तसाच बोलून पुढं गेला. आणि शेवटी भिवपुरी, आणि क्वार्टर. क्वार्टर काय ते अंबाबाईला चांगलं माहीत होतं. वीजघराच्या माणसांना राहायला दिलेली कौलारू घरं.

गेल्या साली लावणीच्या दिवसांत सुंदरा सात महिन्यांची गरोदर होती. चिखलात वाकून वाकून तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा अंबाबाई म्हणाली होती, आमीबी असंच केलं. पोर पोटातच गेलं. तेव्हा वाल्मिक काही बोलला नव्हता. त्यानंतरही नाही. घरात त्या गोष्टीला कुणी नावच दिलं नव्हतं.

वाल्मिक थांबला. आत हंडा ठेवल्याचा आवाज झाला. गौरा स्वतःच्या तळहाताकडं बघत होती.

अंबाबाईच्या ओठावर प्रश्न आला होता. आण नसती तर तिनं विचारलाही असता, आणि उत्तर मिळाल्यावर घर डोक्यावर घेतलं असतं. पण जिभेनं जगलेल्या बाईला दिलेला शब्द फिरवता येत नाही. तिचं तेवढंच तर भांडवल.

"पुरं बोलला?" तिनं गौराला विचारलं.

"पुरं बोलला, काकी. अर्धं काही ठेवलं नाही."

"चुका?"

"एकदोन."

"मंग त्या सांग त्याला," ती म्हणाली, आणि सूप पुढं ओढलं. त्या दिवशीच्या तांदळात खडे राहिले.

पुढं तिनं टोचणं सोडलं नाही, सोडलं असतं तर तेही कबूल केल्यासारखं झालं असतं. पण सुनेवरून ती पुन्हा बोलली नाही.

कार्तिक सरत आला तेव्हा वाल्मिक भिवपुरीला गेला आणि दिवेलागणीला परत आला. अंबाबाई ओटीवरच होती. त्यानं पाय धुतले आणि समोर बसला.

"साहेबानं आधी नाव, गाव इचारलं. ते जमलं," तो सांगायला लागला. "मंग बोलला, समज, दुसऱ्या वीजघरातून मीच बोलतोय, वरची तार चालू कर. माझ्यासमोर पाटीवर लिवलेलं व्हतं की तिथं माणूस चढलाय. मी बोललो, नो सर, माणूस वर हाय. तो बोलला, मी साहेब हाय, चालू कर. मी बोललो, नो सर, तो खाली उतरल्याशिवाय नाय."

"साहेबाला नाय बोललास?"

"दोनदा. तेच बघत व्हते, आये. माझ्या आधी एक जण आलेला, त्याचं इंग्रजी माझ्याहून चांगलं. तो येस सर बोलला."

खुर्ची मिळाली होती हे सांगायची गरज नव्हती, तोंडावर दिसतच होतं. अंबाबाईनं आत हाक मारून गूळ मागवला. सुंदरा वाटी ठेवून दारामागं गेली. गूळ खाऊन झाला तरी वाल्मिक उठेना.

"आये," तो म्हणाला.

"बोल."

त्याला काय बोलायचंय ते तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणू शकली असती, जा रं बाबा, ने तिला. एका वाक्यात त्याची सुटका झाली असती. किंवा म्हणू शकली असती की चूल मोडलीस तर तोंड बघणार नाही, आणि त्यानं पुन्हा 'व्हय आये' म्हटलं असतं. दोन्ही वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. तिनं दोन्ही धरून ठेवली. ही तिला आयुष्यात कधी न जमलेली गोष्ट होती, आणि आताही दात दुखावा तशी ती दुखत होती.

त्यानं इंग्रजीत सुरुवात केली.

"मराठीत," अंबाबाई म्हणाली. "आता मी मोजणार हाय."

वाल्मिकनं घाम पुसला. "टेलिफोनवाल्याला क्वार्टर मिळते. रात्रपाळी असते. मी... आमी दोघं तिथं जाऊन ऱ्हातो."

"आन गुरं?"

"शेजारच्या सदूला ठेवू गड्यासारखा. त्याला काम पायजेच हाय."

"माझं दळण कांडण कोण करंल?"

"चक्की हाय की कर्जतला."

"चक्कीचं पीठ तुझ्या बापानं खाल्लं नाय."

"मी खातो, आये. भिवपुरीला तेच खातात."

"लय शाणा झालास. लावणीला कोण येईल?"

"मी सुट्टी घेऊन येईन. एका हातानं जेवढं व्हईल तेवढं करीन." तो थांबला. पण मान खाली घातली नाही. "ती येणार नाय."

हे तो मराठीत बोलला, तिच्या तोंडावर. आता कळलं नाही म्हणायची सोय नव्हती. अंबाबाईला राग आला, खूप आला, आणि रागाच्या मागं आणखी काहीतरी होतं त्याला तिनं नाव दिलं नाही. एवढ्या वर्षांत ह्या घरात तिच्याशी भांडायच्या लायकीचं कुणी नव्हतं.

"नाय तर नाय," ती म्हणाली. "अवस टळू दे. अवसेला चूल मांडत नाय."

मग तिनं दाराकडं तोंड वळवलं. "आन तू गं, दारामागं काय हुबी? ऐकलंस ना सगळं? बाहेर ये नि सांग कुठली भांडी पायजेत ती. तुझ्या मनातलं मी कुठवर वळखत बसू?"

सुंदरा पदर सावरून उंबऱ्यात आली. नवरा समोर, सासू समोर. तिनं एकदा दोघांकडं बघितलं.

"पाटा द्या," ती म्हणाली. "वरवंट्यासकट."

पाटा अंबाबाईच्या सासूचा होता. घाटातल्या काळ्या दगडाचा, झिजून आरशासारखा झालेला, आणि तो ती शेजारणीला घटकाभरसुद्धा देत नसे.

"पाटा मिळणार नाय," अंबाबाई म्हणाली, आणि मांडी नीट घालून बसली. "बोल आता, का पायजे तुला तो."